चौसष्ट घरांसाठी एकोणतीस ओळी

प्रति,
मा. संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

डी. गुकेश बुद्धिबळाचा जगज्जेता झाला त्याला आज पंधरा दिवस झाले. एवढ्या उशिरा आलेले पत्र तुम्हाला शिळे वाटेल. पण माझी उभी हयात रेल्वे टपाल सेवेत, मिरजेला, रात्रपाळीच्या सॉर्टिंगमध्ये गेली. उशिरा का होईना, पत्र पोचलेच पाहिजे, हे आमच्या अंगात मुरलेले आहे. शिवाय या पत्राला उशीर का झाला ते शेवटी सांगतोच.

१३ डिसेंबरचा आपला अंक मी जपून ठेवला आहे. पहिल्या पानावर गुकेशचा मोठा फोटो, आत एक अख्खे पान, आणि नंतर तीन-चार दिवस रोज काही ना काही. वडील कान-नाक-घशाचे डॉक्टर, आई सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. बक्षिसाचे साडेतेरा लाख डॉलर म्हणजे रुपये किती आणि त्यातून प्राप्तिकर किती कापला जाणार. तमिळनाडू सरकारचे पाच कोटी. पोरगा तमिळ की तेलुगू, यावर लोकांनी घातलेला वाद. मानसिक तयारी करून घेणारे पॅडी अप्टन, जे २०११च्या विश्वचषकात आपल्या क्रिकेट संघाबरोबरही होते. सगळे वाचले, आवडीने वाचले. नव्हता तो फक्त डाव. पाच दिवसांच्या अंकांत मिळून एकही चाल छापलेली नाही. क्रिकेटचा सामना झाला की आठव्या क्रमांकाच्या फलंदाजाने किती चेंडूंत किती धावा केल्या हे तुम्ही न चुकता छापता. इथे मात्र जगज्जेतेपदाच्या शेवटच्या डावात काय खेळले गेले हे वाचकाला कळायला काही मार्गच नाही.

त्यातून तीन गोष्टी खटकल्या. वयाने थोडा किरकिरा झालो आहे, सांभाळून घ्या.

पहिली, मथळ्यातला ‘चेकमेट’ हा शब्द. गुकेशचा प्रतिस्पर्धी, तोवरचा जगज्जेता डिंग लिरेन, याच्या राजावर मात झालीच नाही. ५८व्या चालीनंतर त्याने डाव सोडला. या पातळीवर पटावर मात होईपर्यंत सहसा कोणी बसून राहत नाही.

दुसरी, आतल्या पानावरचे सजावटीचे चित्र. त्यात पट आडवा पडला आहे. खेळणाऱ्याच्या उजव्या हाताचा कोपरा पांढरा असावा लागतो, तुमच्या चित्रात तो काळा आहे. त्यामुळे राजा-वजिराच्या जागाही अदलाबदल झाल्या आहेत. फलंदाज यष्ट्यांकडे तोंड करून उभा आहे असे चित्र तुम्ही कधी छापले असते का?

तिसरी, ‘घोडचूक’. डिंगच्या घोडचुकीमुळे गुकेश जिंकला, असे आपण तीनदा लिहिले आहे. आता गंमत अशी की पटावर तेव्हा एकही घोडा नव्हता. चूक झाली ती हत्तीची. आणि खरे सांगायचे तर हत्तीचीही नव्हती, उंटाची होती. पण हे कळायला डाव समोर लागतो.

१४ तारखेला शनिवारी आमच्याकडे लग्नकार्य होते, त्यासाठी नात पुण्याहून आली होती. सहावीत आहे. शाळेत थोडेफार बुद्धिबळ खेळते. आपला अंक वाचून मला म्हणाली, “आजोबा, म्हणजे त्या चिनी माणसाने फुकटच देऊन टाकलं ना सगळं?” मी काय बोलणार? पेपर वाचून कोणाचेही हेच मत झाले असते. माजी जगज्जेते व्लादिमिर क्रामनिक यांनीही बुद्धिबळाचा शेवट झाला अशा अर्थाचे काहीतरी लिहिले, तिथे सहावीतल्या पोरीला काय बोल लावायचा. मुलाने फोनवर डाव काढून दिला, मी तो वहीत उतरवून घेतला, आणि हळदीचा कार्यक्रम चालू असताना आम्ही दोघे माडीवर पट मांडून बसलो. त्याबद्दल घरात जे ऐकून घ्यावे लागले ते इथे लिहीत नाही.

डाव असा. सिंगापूरला तेरा डाव संपले तेव्हा गुण साडेसहा-साडेसहा होते. १२ डिसेंबरचा चौदावा डाव शेवटचा. गुकेशचे मानांकन २७८३, डिंगचे २७२८, पण पांढरी मोहरी डिंगकडे. बरोबरी झाली असती तर दुसऱ्या दिवशी जलद डाव, आणि जलद डावांत डिंग वरचढ ठरेल असे बऱ्याच जाणकारांचे मत होते. म्हणजे डिंगला बरोबरी चालणार होती, गुकेशला ती नको होती. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे उलगडत जाते.

एकोणतिसाव्या चालीला डिंगने बी पट्टीतले आपले प्यादे स्वतःहून पुढे ढकलून मरू दिले, आणि लगेच वजिराला वजीर मारून घेतला. दोन चालींत हत्तींची एक जोडीही पटाबाहेर गेली. उरले काय? दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, गुकेशची तीन प्यादी, डिंगची दोन, आणि सगळी प्यादी पटाच्या एकाच बाजूला. आमच्या मंडळात अशी स्थिती आली असती तर दोघांनी हात मिळवून चहा सांगितला असता.

गुकेशने चहा सांगितला नाही. एका जादा प्याद्याच्या जोरावर तो पुढच्या वीस-बावीस चाली हत्ती इकडे, राजा तिकडे, एक प्यादे पुढे, असे करत राहिला. नातीला हा भाग कंटाळवाणा वाटला. मला विचाराल तर डाव इथेच आहे. पहिल्या चाळीस चालींना दोन तास, मग उरलेल्या सगळ्या डावाला अर्धा तास आणि चालीमागे तीस सेकंद. डिंगकडचा वेळ कमी कमी होत चाललेला. बचाव करणाऱ्याला प्रत्येक चालीला धोका तपासावा लागतो, रेटणाऱ्याला फक्त वाट पाहायची असते. आमच्या सॉर्टिंगमध्येही चुका रात्री दहाला व्हायच्या नाहीत, पहाटे साडेचारला व्हायच्या. त्याच थैल्या, तीच गावे, तोच हात, आणि इस्लामपूरचे पत्र इचलकरंजीच्या खणात.

आता पट काढा. उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी खालून वर एक ते आठ. पांढरा राजा जी१ वर, हत्ती एफ४ वर, उंट ए८ वर, प्यादे जी३ वर. काळा राजा ई५ वर, हत्ती बी२ वर, उंट ई६ वर, प्यादी एफ५ आणि जी४ वर. एकूण नऊ मोहरी. पंचावन्नावी चाल, पांढऱ्याची पाळी. नीट खेळले तर बरोबरी.

डिंगने हत्ती एफ२ वर घेतला.

त्याच्या मनात काय आले असेल ते मी नातीला असे सांगितले: हत्तीला हत्ती मारला की राहतील उंट, दोन्ही पांढऱ्या घरांवरचे, आणि अशा डावात एका जादा प्याद्याने जिंकणे फार अवघड. विचारात चूक नव्हती. चूक होती उंटाच्या पत्त्यात. ए८ म्हणजे कोपरा. मधल्या घरातल्या उंटाला चार तिरक्या वाटा असतात, कोपऱ्यातल्याला एकच. मी पोरीला म्हटले, हत्ती मारले गेले, पांढरा राजा एफ२ वर आला, आता तू काळी आहेस, सांग. ती पाच मिनिटे पटाकडे बघत राहिली आणि मग तिने उंट उचलून डी५ वर ठेवला, अगदी हळूच, जणू पटाला कळू नये. त्या एकुलत्या एका वाटेवर, पाठीशी स्वतःचा राजा. पांढरा उंट बी७ला गेला तरी मरतो, सी६ला गेला तरी मरतो, जागेवर राहिला तरी मरतो. मारामारी करायलाच लागते. मग उरतात राजे आणि प्यादी. शेवटच्या चालीला गुकेशचा राजा ई५ वर, डिंगचा ई३ वर, मध्ये एकच रिकामे घर, आणि पाळी डिंगची. जी३चे प्यादे जी४च्या प्याद्याने अडवलेले, म्हणून राजालाच हलावे लागते, आणि तो हलला की वाट मोकळी. डिंगने हात पुढे केला.

ही चूक जगज्जेत्याला शोभणारी नव्हती, हे मलाही मान्य आहे. पण गुकेशलाही ती क्षणभर दिसली नव्हती. आपण हत्ती बी३ वर नेण्याच्या बेतात होतो आणि मग तो उंट सापडतोय हे लक्षात आले, असे त्याने नंतर स्वतःच सांगितले. डाव संपल्यावर त्याने रडत रडत सगळी मोहरी पुन्हा आपापल्या घरात लावून ठेवली. फोटो तुम्ही छापलात, छानच केलेत. पण फोटोतला तो मुलगा कशासाठी रडतोय हे त्या नऊ मोहऱ्यांत आहे.

आता मूळ मुद्दा. जागा नसते, असे आपण म्हणाल. यावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे, कारण तीन वर्षे मी पंधरा पैशांच्या कार्डावर बुद्धिबळ खेळलो आहे.

१९८३ ते १९८६ या काळात धनबादच्या एका खाण-हिशेबनिसाबरोबर माझे दोन डाव टपालाने चालू होते. ते गृहस्थ मी आयुष्यात पाहिले नाहीत. मला हिंदी बेताची, त्यांना मराठी शून्य. पण टपाली बुद्धिबळाला भाषा लागतच नाही. पटाच्या उभ्या पट्ट्यांना डावीकडून एक ते आठ आकडे द्यायचे, आडव्या ओळींना खालून वर एक ते आठ. निघालेले घर दोन आकडे, पोचलेले घर दोन आकडे. राजाच्या पुढचे प्यादे दोन घरे पुढे, म्हणजे ५२५४. संपली चाल. दहा चालींना तीस दिवस, प्रवासाचे दिवस त्यात धरायचे नाहीत, आणि वाद झालाच तर पोस्टाचा शिक्का साक्षीदार. कार्डावर चाल लिहून झाली की उरलेल्या जागेत आम्ही पाऊसपाणी लिहायचो.

या आकड्यांनी मला एकदा गोत्यातही आणले. ते दिवस मटक्याचे. दर पंधरा दिवसांनी धनबादहून एक कार्ड येते, त्यावर चार आकडे, सही, बस्स. आमच्या गल्लीत कार्ड आणणाऱ्या पोस्टमनने ती बातमी चौकातल्या पानपट्टीवर सांगितली आणि एक दिवस दोन अनोळखी माणसे दारात येऊन अदबीने विचारू लागली, “साहेब, यंदा ओपन काय धरू?” मी त्यांना पट दाखवला. त्यांचा विश्वास बसला नाही. पटावरच्या माझ्या पुढच्या चालीच्या आकड्यांवर, ६१५१ वर, त्यांनी पैसे लावले की नाही, मला माहीत नाही.

त्याच ६१५१ ने माझा घात केला. हत्ती एफ१ वरून ई१ वर न्यायचा होता. पहाटे पाळी संपवून घरी आलो, झोपेच्या धुंदीत कार्डावर ६१४१ लिहिले आणि स्वतःच्या हाताने पेटीत टाकले. चाल नियमात बसत होती, फक्त डी१ वर काळ्या उंटाचा डोळा होता. हत्ती गेला, डाव गेला. धनबादच्या भल्या माणसाने पुढच्या कार्डावर विचारले होते, हे खरेच आपल्याला खेळायचे होते का? मी उत्तर पाठवले, शिक्का पडला आहे. त्यामुळे डिंगला हसणाऱ्यांत मी नाही.

तर हिशेब. ५८ चाली, दोन्ही बाजूंच्या मिळून ११६, चालीला चार आकडे, म्हणजे ४६४ आकडे. आपल्याच अंकाच्या स्तंभावर पट्टी लावून मोजले. एका ओळीत क्रमांकासह दोन जोड्या आरामात बसतात. ५८ चालींना २९ ओळी. आपले बारा राशींचे भविष्य १३ डिसेंबरला ३६ ओळींत होते. (माझ्या राशीला ‘प्रवासात लाभ’ होता, मी माडीच्या पलीकडे गेलो नाही.) सुडोकूची ८१ घरे आपण रोज छापता, मग ६४ घरांनी काय घोडे मारले आहे? आकडे नको असतील तर ‘उं-डी५’ असे अक्षरांत लिहा, चार-पाच ओळी वाढतील इतकेच. पूर्वी आपल्याच दैनिकात रविवारी एक डाव यायचा. मी त्यातली कात्रणे वहीत चिकटवलेली आहेत, खळ घरची.

हल्ली सगळे फोनवर मिळते, असेही कोणी म्हणेल. सिंगापूरचा डाव मिळतो, हे खरेच. आमच्या जिल्ह्यातला मिळत नाही. मी स्वतः मानांकित खेळाडू आहे. हसू नका. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ११०० मानांकन मिळाले, आणि यंदा मार्चमध्ये जागतिक महासंघाने खालच्या सगळ्यांचे गुण एका सूत्राने वाढवले तेव्हा एकही चाल न खेळता मी १४६०चा झालो. सरकारी नोकरीतसुद्धा अशी बढती मिळाली नव्हती. तर मानांकन स्पर्धांत वरच्या चार-दोन पटांवर कधीकधी तारा जोडलेले इलेक्ट्रॉनिक पट असतात, त्यावरचे डाव कुठेतरी साठतात. बाकीचे शंभर पट म्हणजे कार्बन लावलेला कागद, वरची प्रत पंचांकडे, खालची खेळाडूकडे. स्पर्धा संपली की पंचांकडच्या प्रती रद्दीत आणि पोरांकडच्या दप्तराच्या तळाशी. गेल्या दिवाळीत एका दहा वर्षांच्या मुलाने मला एकतीस चालींत हरवले. एकविसाव्या चालीला त्याने हत्ती देऊन माझा राजा असा काही उघड्यावर ओढला की मी घड्याळ विसरून त्याच्याकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी पेपरात त्या मुलाचे नाव होते, पाचव्या फेरीअखेर साडेतीन गुण. हत्ती नव्हता. माझी प्रत माझ्याकडे आहे. मागाल तर हरलेल्या माणसाच्या अक्षरात पाठवून देतो.

बुद्धिबळासाठी आयुष्य वेचलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत बसून हे मागावे लागावे याचे वाईट वाटते. सप्टेंबरमध्ये बुडापेस्टला ऑलिम्पियाडची दोन्ही सुवर्णपदके भारताने जिंकली. त्यात नाशिकचा विदित गुजराथी होता आणि तिसऱ्या पटावर वैयक्तिक सुवर्णही घेणारी नागपूरची दिव्या देशमुख होती. त्या दोघांचा एक तरी डाव आपल्या वाचकाने पटावर मांडून पाहिला असेल का? कसा पाहणार?

पत्र लांबले. कात्री लावाच, पण खालची ओळ तेवढी ठेवा. चौदाव्या डावाचा शेवट आहे, वर सांगितलेल्या स्थितीपासून:

५५. ६४६२ २२६२ ५६. ७१६२ ५६४५ ५७. १८४५ ५५४५ ५८. ६२५३ ४५५५ पांढऱ्याने डाव सोडला.

आता उशिराचे कारण. रविवारी पुण्याला परत निघताना नातीने विचारले, की हत्ती एफ२ वर न घेता दुसरे काही खेळले असते तर डिंग वाचला असता का? मी म्हटले, वाचला असता. तिला ते पटले नाही, किंवा पटले पण खात्री हवी होती. मी तिला माझ्याजवळची पन्नास पैशांची दहा कार्डे दिली, पत्ता घालून. त्यातले पहिले मंगळवारी, २४ तारखेला आले. त्यावर शाळेच्या वळणदार अक्षरात एवढेच आहे: ५५. ६४१४. हत्ती ए४ वर. डिंगची बाजू तिने घेतली आहे.

तीन दिवस पट मांडलेला आहे, मी अजून उत्तर टाकलेले नाही. दहा चालींना तीस दिवस मिळतात, आणि ते एक जादा प्यादे आता माझ्याकडे आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त सॉर्टिंग असिस्टंट,
सांगली
२७ डिसेंबर २०२४